गाडी नुसती टकटक करते, सुरू होत नाही: तुमचे अनुभव सांगा

परवा पहाटे सासूबाईंना नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसला सोडायचं होतं. थंडी मरणाची. चावी फिरवली तर कट्. परत फिरवली तर कट्कट्कट्कट्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे असे मंदावले की जणू गाडीलाच झोप आलीये. सासूबाई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या, "अगं, लागतेय ना?" असं दर मिनिटाला. शेवटी रिक्षा करून पाठवलं. गाडी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी चार वर्षांची. बोनेट उघडून बघितलं तर एका टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी जमलीये, बाकी मला काही कळत नाही. नवीन बॅटरीच घेऊ का आधी काही बघू? तुमच्याकडे असं झालंय का, नक्की काय निघालं ते लिहा.

सातपूरकर
ताई, थांबा, बॅटरी घेऊ नका लगेच. आवाज कसा आहे त्यावर बरंच कळतं. भराभर कट्कट्कट् म्हणजे करंट पुरत नाही: सोलेनॉइड (स्टार्टरवरचा चुंबकी स्विच) ओढला जातो, स्टार्टरच्या म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जायला लागतो, की लगेच व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, परत ओढला जातो, तेच तेच चालू. बॅटरी उतरलेली तरी असते नाहीतर टर्मिनल ढिलं किंवा सडलेलं. आणि एकच जाड 'टक्' होऊन शांत, दिवे मात्र लख्ख, तर संशय स्टार्टरवर. हॉर्न वाजतोय म्हणजे बॅटरी चांगली असं मानू नका, हॉर्नला पाच-सात अँपिअर पुरतात, सेल्फला शंभरच्या वर लागतात. साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धीच उरली. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटर बघा, चार्ज असूनही ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली.

इंदिरानगरवाली
मी नेमकी हीच चूक केली. दुकानदाराने मीटर न लावताच "मॅडम, बॅटरी गेली" म्हणून नवीन गळ्यात मारली. आठ दिवसांनी परत टक्! मग ओळखीच्या मिस्त्रीने गाडीखाली बघितलं तर इंजिन आणि बॉडीच्या मधली अर्थिंगची पट्टी, वरून धडधाकट दिसत होती, हाताने ओढली तर बोल्टपाशी हातातच आली. पट्टी शेदीडशेची. जुनी बॅटरी बदलीत देऊन बसले होते ना, त्याचं दुःख अजून आहे.

गंगापूररोड
ऑटोमॅटिक असेल तर गिअरचा लिव्हर पी (पार्क) मध्ये नीट बसलाय का बघा. मी अर्धा तास घाम गाळला होता. हसू नका. (त्यात टकटक पण येत नाही, एकदम मुकी होते गाडी.)

निफाडचा बागाईतदार
आमच्याकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते एवढी थंडी, त्यात डिझेल गाडी, ऑइल घट्ट, बॅटरीचा जोर कमी, म्हणजे जानेवारीत टकटक ठरलेलीच. ट्रॅक्टरवरून केबल लावून चालू करतो. क्रम मात्र चुकवू नका: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीला नाही, कारण तिथे ठिणगी उडते आणि बॅटरीतून गॅस निघत असतो. एकदा घोटीजवळ ट्रकवाले दादा मदतीला थांबले, मनाने फार चांगले, पण ट्रक २४ व्होल्टचा. हात जोडून नको म्हटलं. आपली गाडी १२ ची, इलेक्ट्रॉनिक्स जळून गेलं असतं.

पंचवटीचा_पोरगा
वणीच्या गडावरून खाली नांदुरीला चहाला थांबलो आणि निघताना एकच टक्. दिवे झकास. एका म्हाताऱ्या ड्रायव्हर काकांनी पान्याच्या दांड्याने स्टार्टरच्या बॉडीवर हळूच दोनतीनदा ठोकलं (गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर), म्हणाले मार आता सेल्फ, आणि लागली की राव! नाशिकपर्यंत कुठे बंदच केली नाही. गॅरेजमध्ये स्टार्टर खोलला तर मोटरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजून नखाएवढे राहिलेले. ठोकून चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही हं, दुसऱ्या दिवशी घरासमोर परत तेच, मग उतारावर सेकंड गिअर टाकून धक्का मारून नेली.

सिडको_सेक्टर
डॅशकॅम कोणी थेट बॅटरीला जोडलाय का? माझा गाडी बंद असताना पण रेकॉर्डिंग करत होता. ०.३ अँपिअर म्हणजे काहीच नाही वाटतं, पण दिवसाला ७ अँपिअर-अवर झाले, माझी बॅटरी ३५ ची, तीन दिवस गावाला जाऊन आलो की कट्कट्.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! काल मीटर आणला. १२.१. शेजारच्या काकांनी आधी मायनस काढायला लावलं, म्हणाले प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला लागला तर भडका. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओतला तर भुकटी फसफसून उतरली, आत क्लॅम्प इतका ढिला होता की बोटाने फिरत होता. घासून, आवळून, वरून व्हॅसलिन लावलं, काकांच्या गाडीवरून केबल लावून चालू केली, चालू इंजिनवर १४.२ दाखवलं म्हणजे डायनामो चार्ज करतोय. आज सकाळी एका झटक्यात लागली. महिनाभर मीटर बघत राहते, मग बॅटरीचं ठरवू. सासूबाई रविवारी परत येतायत, फोनवर पहिला प्रश्न, "रिक्षाने येऊ का?" आणि तो दहा नंबरचा पाना लेकाने सायकलला नेलाय, सापडत नाहीये.