टूसॉनचं डेझर्ट म्युझियम: आई-बाबांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा जानेवारीत येताहेत. फीनिक्सहून एक दिवस टूसॉनला जाऊन अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम दाखवावं म्हणते. बाबांचं आधीच सुरू झालंय, "पेंढा भरलेले प्राणी बघायला दोन तास गाडीत कशाला बसायचं?" त्यात आईचे गुडघे. कुणी अलीकडे गेलंय का?

– मधुरा

*

मधुरा,

पेंढा वगैरे काही नाही, बाबांना निर्धास्त आण. 1952 साली सुरू झालेलं हे म्युझियम बहुतेक सगळं उघड्यावरच आहे. 98 एकर जागा, दोनेक मैलांच्या वाटा. कोल्हे-लांडगे, डोंगरी मेंढे, गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा, सगळे जिवंत.

पण खरं सांगू? प्राण्यांमागे धावू नका, ते निम्मा वेळ झोपलेलेच असतात. सग्वारोपाशी रेंगाळा. हा निवडुंग पहिल्या दहा वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतो, आणि पहिली फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. म्हणजे हातवाले सगळे निदान बाबांच्या वयाचे! कोवळं रोप पालो व्हर्डेच्या सावलीत तगतं. त्या झाडाचं खोडच हिरवं, पानं गळाली तरी अन्न तयार करणं चालूच. पाऊस झाला की सग्वारोच्या चुण्या भात्यासारख्या फुगतात. सुतारपक्षी त्यात ढोली कोरतो आणि तो गेला की तिथे इवलंसं घुबड बिऱ्हाड करतं.

सकाळी लवकर पोचा. हिवाळ्यात शिकारी पक्ष्यांना मोकळं सोडतात, ते चुकवू नका. त्यातले हॅरिस हॉक टोळीने शिकार करतात, पक्ष्यांत हे दुर्मीळच. अगदी डोक्यावरून जातात, तेव्हा फोटोसाठी हात उंचावू नका.

– मंदार

*

मंदारने गुडघ्यांचं काहीच लिहिलं नाही! मधुरा, प्रवेशद्वाराजवळच्या वाटा सोप्या आहेत. डेझर्ट लूप मात्र कच्चा आणि चढउताराचा, आईंना तिकडे नेऊ नकोस. त्यांना हमिंगबर्डच्या पिंजऱ्यात बाकावर बसव, पक्षी आपणहून जवळ येतात.

गेट्स पास या खिंडीतला रस्ता देखणा, पण अरुंद आणि वळणांचा. गाडी लागत असेल तर दुसऱ्या रस्त्याने या. नंतर शेजारच्या सग्वारो नॅशनल पार्कात उतरणार असाल तर कंगवा जवळ ठेव. चोया नावाच्या निवडुंगाचा काटेरी गोळा कपड्याला चिकटला तर बोटांनी ओढायचा नाही, कंगव्याने उडवायचा.

– सुलभामावशी