"दोनच मिनिटं लावतो, भाऊ" : खान्देशातल्या रस्त्यांवरचे अनुभव

घागरवाली, जळगाव

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी फुले मार्केटकडे घागर घ्यायला गेले होते. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते हे लहानपणापासून माहीत, तरी स्कूटी घेऊनच गेले. पांढऱ्या पट्ट्याच्या आत जागा नव्हती, म्हणून बाहेर लावली. घागर घेतली, स्कूटीवर पाय ठेवतो तिथे नीट बसवली, आणि मग आठवलं की वर ठेवायचं डांगर (खरबूज) राहिलंच. दोनच मिनिटं, म्हणून परत वळले.

डांगर घेऊन आले तर स्कूटी गायब. मी इकडेतिकडे बघतेय तेवढ्यात टपरीवाले काका म्हणाले, "ताई, गाडी गेली. घागर इथे आहे." उचलणाऱ्या पोरांनी गाडी टेम्पोवर चढवण्याआधी घागर काढून त्यांच्या बाकाखाली ठेवली होती. वर्षाच्या सणाची घागर फुटू नये एवढं त्यांना कळलं. रस्त्यावर गाडी लावू नये एवढं मला कळलं नाही. पाचशे रुपये दंड, उचलण्याचं भाडं वेगळं. घागर काखेत, डांगर पिशवीत, आणि ज्या रिक्षाने गाडी सोडवायला गेले ती रिक्षासुद्धा चौकात जिथे थांबू नये तिथेच थांबली होती.

म्हणून हा धागा. पार्किंगचा, रस्त्यावरच्या जिवाच्या भीतीचा तुमचा अनुभव लिहा. दुकानाचं, कार्यालयाचं, साहेबाचं नाव नको. स्वतःची चूक लिहिलीत तर जास्त आवडेल, दुसऱ्याची तर आपण रोज चहावर सांगतोच.

गल्ली नंबरवाला, धुळे

स्वतःची चूक लिहितो मग.

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत हे बाहेरच्या पाहुण्यांना गमतीचं वाटतं. १८१८ साली इंग्रजांनी खान्देश ताब्यात घेतला, त्यानंतर कॅप्टन ब्रिग्जने इथे नवी वस्ती आखली. सरळ, एकमेकींना समांतर गल्ल्या. बैलगाडी जाईल, घोडा वळेल, एवढा हिशेब. त्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं. माझ्या आजोबांच्या वेळेस या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा माणूस ओळखू यायचा. आता दोन्ही बाजूंनी गाड्या, मधून एक मोटारसायकल जेमतेम जाते, आणि समोरून दुसरी आली की दोघांपैकी कोणी तरी मागे सरकायचं. कोणी सरकायचं यावर भांडण.

मी २०१७ ला कार घेतली. घराला ओटा आहे, अंगण नाही. म्हणजे शोरूममध्ये सही करतानाच मला माहीत होतं की ही गाडी मी लोकांच्या रस्त्यावर ठेवणार आहे. तेव्हा हे मनात आलंसुद्धा नाही. उलट गाडी बाहेर गेल्यावर जागा जाऊ नये म्हणून मी चार कुंड्या ठेवायला लागलो. एकीत तुळस. तुळशीला कोण हलवणार?

शेजारच्या आप्पांनी हलवली. "हाई रस्ता तुन्हा बापना शे का?" मी म्हणालो, "रस्ता नही, पन कुंड्या मन्या शेतस." त्यावर आप्पा तीन महिने बोलले नाहीत. बरोबर आप्पांचंच होतं. पण कुंड्या अजून तिथेच आहेत.

निवृत्त नगरपालिकावाला

गावाचं नाव सांगत नाही, खान्देशातली एक नगरपालिका. बांधकाम विभागात २९ वर्षं काढली.

लोक म्हणतात, "पालिका काय करते?" पहिली गोष्ट, रस्ता कोणाचा ते बघा. गावाचा मुख्य रस्ता बहुतेक वेळा राज्यमार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकामाचा. गटार आणि दिवे आमचे. वाहतुकीचा आदेश पोलिसांचा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७ : पार्किंगच्या जागा ठरवायच्या त्या राज्य शासनाने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. सल्लामसलत म्हणजे पत्र. पत्र म्हणजे आवक-जावक.

एकदा आम्ही चाळीसेक 'नो पार्किंग' फलक लावले. रंग छान होता. पोलिस म्हणाले, अधिसूचना दाखवा, त्याशिवाय आम्ही दंड कशाचा करू? अधिसूचना निघालीच नव्हती, फलक आधी आले. पुढची कित्येक वर्षं भाजीवाल्या त्या खांबांना पिशव्या अडकवत होत्या.

सगळ्यांत जास्त अर्ज स्पीडब्रेकरचे. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचं माप आहे : उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर. म्हणजे हळू गेलात तर पाठीला कळू नये. लोकांना तसला नको असतो. अर्जाला उशीर झाला की गल्लीतली पोरं रात्रीतून मुरूम-सिमेंटची म्हैस आडवी घालतात, त्यावर ना पट्टे, ना पुढे फलक. गर्भार बाई रिक्षात असली की तीच गल्ली मग आम्हाला फोडायला बोलावते.

पण रस्त्यावरचं पार्किंग रस्त्यावर तयार होत नाही, फायलीत होतं. व्यापारी संकुलाच्या मंजूर नकाशात तळघरात पार्किंग असतं. भोगवट्याचा दाखला हातात पडला की तळघराला शटर लागतं, आणि त्यात साड्यांचं गोदाम येतं. वरच्या तीसेक दुकानांची गिऱ्हाइकं मग गाडी कुठे लावणार?

गल्ली नंबरवाला, धुळे

काका, त्या दाखल्यावर सही कोणाची असते?

निवृत्त नगरपालिकावाला

वरच्या साहेबांची. पाहणी अहवाल माझा. पाहणीच्या दिवशी तळघर मोकळंच होतं, भाऊ, झाडून ठेवलेलं होतं. पुन्हा जाऊन बघायचं मी मनावर घेतलं नाही, हे खरं.

लोटगाडी

माझी आई लोटगाडीवर भाजी विकते. मी कॉलेजला आहे, संध्याकाळी गाडीवर असते.

वाहतुकीची चर्चा सुरू झाली की पहिल्यांदा आमच्याकडे बोट. अतिक्रमण. मी एकदा आईच्या गाडीचं माप घेतलं. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद. कारच्या एका पार्किंगची जागा अडीच गुणिले पाच मीटर धरतात. म्हणजे क्षेत्रफळ धरलं तर एका कारच्या जागेत आमच्या सहा गाड्या. आई रोज बाजारफीची पावती फाडते, सगळ्या पावत्या खिळ्याला टोचून ठेवल्या आहेत. समोर जी पांढरी गाडी सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत उभी असते तिची पावती कोणी फाडत नाही.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात आमचे प्रतिनिधी असायला पाहिजेत, विक्रीच्या जागा तिच्या सल्ल्याने ठरायला पाहिजेत. आमच्या बाजारात अजून आईला कोणी काही विचारलेलं नाही. गाडी उचलायला मात्र येतात. तेव्हा तराजू आधी उचलतात, कारण तराजू गेला की धंदा गेला. घागरवाली ताई, तुमची घागर त्यांनी जपली हे वाचून मला बरं वाटलं, आणि रागही आला.

केळीपट्टा, रावेरकडचा

शहरवाल्यांनो, तुमच्याकडे गाडी उभी दिसते तरी. आमच्याकडे अंधारात दिसत नाही.

माझा चुलतभाऊ लग्न आटोपून रात्री मोटारसायकलवर येत होता. रस्त्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी, टायर बसलेलं. मागे लाइट नाही, रेडिअम नाही. ट्रॅक्टरवाला ट्रॉली सोडून हेड घेऊन मेकॅनिककडे गेलेला. जाताना त्याने भोवती दगड मात्र लावले होते. भाऊ आधी दगडावर गेला, मग ट्रॉलीवर. गळ्याजवळचं हाड मोडलं, वाचला. सकाळी आम्ही बघायला गेलो तर ट्रॉली नेलेली आणि दगड तिथेच. त्या दगडांवर त्या दिवशी आणखी कोणी गेलं नाही हे नशीब. ते दगड आम्हीच उचलून बांधावर टाकले.

कायद्यात हे आहे. कलम १२२, दुसऱ्याला धोका होईल अशी गाडी रस्त्यात सोडू नये. पण सांगू का, त्या ट्रॉलीत केळी होती. माल आज निघाला नाही तर उद्या भाव वेगळा. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. त्याच आठवड्यात माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना मागून-बाजूने रेडिअम लावलं. तोपर्यंत लावलं नव्हतं, कारण शेतातून गावापर्यंतच तर जायचं असतं.

तो टप्पा 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे अपघाताची जागा, जाहीर करा म्हणून मी अर्ज द्यायला निघालो, तेव्हा निकष कळला. ५०० मीटरच्या आत ३ वर्षांत ५ जीवघेणे किंवा गंभीर अपघात, नाहीतर १० मृत्यू. आमच्याकडे अजून तेवढी माणसं मेली नाहीत.

सहा चाकी

केळीची गाडी भरतो, दिल्लीपर्यंत जातो. सगळे म्हणतात ट्रक रस्त्यात उभा करू नका. बरोबर आहे. मग कुठे करू ते सांगा. रात्री दोनला भरणं होतं, कागदपत्रं सकाळी मिळतात. ढाब्यावर जेवलं नाही तर ढाबेवाला उभं राहू देत नाही. गावात शिरलो तर तार तुटते. मी मागे चारी कोपऱ्यांना दिवे लावले आहेत, झाडाची फांदी पण बांधतो. यापेक्षा जास्त मला येत नाही.

शाळेची आई

दुपारी शाळा सुटते तेव्हा फाटकासमोर पंधरा मिनिटं जे होतं ते तुम्हाला माहीत आहे. रिक्षा, व्हॅन, आणि आम्ही आया-बाप. प्रत्येकाला फाटकाच्या अगदी तोंडाशी उभं राहायचं. माझा मुलगा पहिलीत होता तेव्हा दोन रिक्षांच्या मधून पळाला आणि मागे येणाऱ्या स्कुटीचा आरसा त्याच्या कानाला लागला. स्कुटीवर दुसऱ्या एका मुलीची आई. ती माझ्यापेक्षा जास्त रडली.

पत्रं लिहीत बसण्यापेक्षा आम्ही पाचजणींनी मैदान आखायची फक्की आणली आणि फाटकापासून पन्नास पावलांवर रेघ मारली. रेघेच्या आत गाडी नाही. रिक्षाकाकांनी पहिल्या दिवशी ऐकलं. त्यांना एकदा सांगावं लागतं. वडील लोकांनी ऐकलं नाही. "मॅडम, मी नुसता थांबलोय, पार्क नाही केली." एकाने तर रेघेवर पाय घासून ती पुसली, आणि मग मुलाला हात करून बोलावलं.

रेघ दर सोमवारी पुन्हा मारत होतो. पावसाळा लागला, फक्की वाहून गेली. आता रंगाची परवानगी मागितली आहे. निवृत्त काका, हा रस्ता कोणाचा ते कसं शोधायचं?

निवृत्त नगरपालिकावाला

माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून विचारा, ताई : रस्त्याची मालकी व देखभाल कोणाकडे. बाकी काही विचारू नका, एकच ओळ. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की ते जोडून रंगाचा अर्ज करा, आणि त्याची प्रत वाहतूक शाखेला. प्रत महत्त्वाची. प्रत गेली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवू शकत नाहीत. थोडे दिवस तरी.

काठी

मला कमी दिसतं. एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्याने उजेड-अंधार कळतो. काठी घेऊन चालतो.

फूटपाथवर मोटारसायकली असतात म्हणून रस्त्यावरून चालतो. उभ्या गाडीचं सायलेन्सर गरम असतं, पोटरीला दोन डाग आहेत. कारचा आरसा कोपराला लागतो. लोक हाताला धरून पलीकडे नेऊन सोडतात, खान्देशात माणूस मदतीला कमी पडत नाही. कितीदा तरी असं झालंय की ज्याने मला हात दिला, त्याचीच गाडी फूटपाथवर होती. "थांबा बाबा, माझी गाडी आहे तिथे, इकडून या."

धडगाव लाइन

नंदुरबारचं लिहितो. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून माणसं जीपने येतात, जीप भरल्याशिवाय सुटत नाही. जीप चौकात उभी असते हे खरं, वाहतूक अडते हेही खरं. एकदा जिपा लांब हलवल्या. माझी आजी डोक्यावर तेलाचा डबा आणि मिरचीचं गाठोडं घेऊन तेवढं चालली. थोड्या दिवसांनी जिपा परत चौकात. हलवायच्या आधी कोणी माणसं मोजली असती, कोण कुठून येतं, काय घेऊन जातं, तर कदाचित जागा बाजाराच्या अलीकडेच सापडली असती.

गल्ली नंबरवाला, धुळे

काठीवाल्या काकांचं वाचून काल सकाळी कुंड्या उचलल्या. तुळस ओट्यावर नेली. आप्पा खिडकीतून बघत होते, काही बोलले नाहीत.

दुपारी त्या जागेवर एक अनोळखी बोलेरो लागली. रात्रीपर्यंत तिथेच होती. आज सकाळी आप्पा आले आणि म्हणाले, "कोनी शे ही गाडी? तू कुंड्या का बरं काढ्यात?"