क्लाउडवर जुनं क्वाड्रो पी५००० ग्राफिक्स कार्ड भाड्याने घेऊ का? ६० तासांचं ऑडिओ टेक्स्ट करायचंय

रात्रपाळी_९
नमस्कार मंडळी, माझ्याकडे लोकांच्या मुलाखतींची साधारण ६० तासांची रेकॉर्डिंग्ज आहेत, एकेक दीड-दोन तासांचं, ती सगळी टेक्स्टमध्ये आणायचीयेत. लॅपटॉपवर व्हिस्परचं (बोलणं ऐकून टेक्स्ट लिहिणारा प्रोग्राम) लार्ज मॉडेल लावून बघितलं तर दहा मिनिटांच्या तुकड्याला पाऊण तास लागला आणि लॅपटॉपवर हात ठेववेना इतका तापला, ग्राफिक्स कार्डच नाहीये त्यात. काम एकदाच करायचंय म्हणून कार्ड विकत घ्यायला मन धजत नाही, तर क्लाउडवर तासाच्या दराने घ्यावं म्हणतोय. यादीत सगळ्यात स्वस्त क्वाड्रो पी५००० दिसतंय, १६ जीबीचं. त्याच्या वरती टी४ आहे, तेही १६ जीबीच, पण दर दीडपट. आता मेमरी तेवढीच असेल तर दीडपट कशाला मोजायचे? आणि क्वाड्रो म्हणजे प्रोफेशनल कार्ड ना, मग जुनं असलं तरी दणकट असेल असं मला वाटतंय. चुकत असेन तर सांगा, मी या विषयात नवीन आहे.

जुना_गडी
चुकताय, पण फार नाही :)

पहिलं म्हणजे "प्रोफेशनल" या शब्दाला भुलू नका. पी५००० मध्ये जी चिप आहे ती जीपी१०४, म्हणजे गेमिंगच्या जीटीएक्स १०८० मध्ये होती तीच, कोअरसुद्धा तेवढेच २५६०. वरचे पैसे होते ते दुप्पट मेमरीचे, ईसीसीचे (मेमरीतल्या चुका दुरुस्त करायची सोय), आणि कॅडच्या सॉफ्टवेअरसाठी ड्रायव्हर तपासून दिलेला असतो त्याचे. मागे मॉनिटरची चार-पाच पोर्टं पण आहेत, पण क्लाउडमधल्या कार्डाला तुम्ही कुठे वायर जोडायला जाणार.

दुसरं, १६ जीबी म्हणजे गोदाम केवढं ते कळतं, हमाल किती ते कळत नाही. पी५००० हे २०१६ चं पास्कल (एनव्हिडियाच्या कार्डांची एक पिढी) आहे, टेन्सर कोअर (मॉडेलचं गणित झपाट्याने करणारे भाग) नाहीत. टी४ हे २०१८ चं ट्युरिंग, त्यात आहेत. आणि खरी मेख पुढेच आहे, पी५००० वर एफपी१६ चं (१६ बिटांच्या आकड्यांचं, म्हणजे अर्ध्या प्रिसिजनचं) गणित एफपी३२ (३२ बिट) च्या ६४ पट हळू चालतं, हो, चौसष्ट, टायपो नाही. म्हणजे मॉडेल अर्ध्या प्रिसिजनमध्ये ठेवून जागा वाचेल पण वेग मिळणार नाही. तुम्ही फास्टर-व्हिस्पर (व्हिस्परचंच वेगवान रूप) लावून नेहमीसारखं फ्लोट१६ (म्हणजे एफपी१६च) दिलंत तर ते तोंडावर सांगेल की या डिव्हाइसवर फ्लोट१६ नीट चालत नाही, आणि थांबेल.

पण (म्हणून म्हटलं फार चुकत नाही) याच कार्डाची कॉम्प्युट कॅपॅबिलिटी (कार्डाला काय काय येतं ते सांगणारा एनव्हिडियाचा आकडा) ६.१ आहे आणि ६.१ ला इंट८ ची (८ बिटांच्या पूर्णांकांची) वेगळी इन्स्ट्रक्शन मिळते. कॉम्प्युट टाइप इंट८ द्या, काम चालेल आणि बरं चालेल. गंमत बघा, त्याच वर्षीचं पी१०० डेटासेंटरचं मोठं कार्ड, मेमरीचा वेग सेकंदाला ७३२ जीबी, पी५००० चा २८८, एफपी१६ पण फास्ट, पण ते ६.० असल्यामुळे त्याच्याकडे ही इंट८ वाली सोय नाही, फास्टर-व्हिस्पर तिथे इंट८ वर चालत नाही. एकाच पिढीची दोन भावंडं, पण एकाला जे येतं ते दुसऱ्याला येत नाही. त्यामुळे यादीतलं नाव बघून न घेता कॉम्प्युट कॅपॅबिलिटीचा आकडा बघून घ्यायचं.

टर्मिनलवाली
वरच्याशी सहमत, पण जुन्या कार्डाचं खरं दुखणं वेग नाहीये, सॉफ्टवेअर आहे.

कुडा (एनव्हिडियाच्या कार्डांवर गणित चालवणारं सॉफ्टवेअर) १३ आलं तेव्हा मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा या तिन्ही जुन्या पिढ्या काढून टाकल्या, आता तिथे ट्युरिंगच्या खालचं काही चालत नाही. ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा जी या कार्डांना ओळखते. पायटॉर्चचं (मॉडेल चालवायची लायब्ररी) पण तसंच, २.८ पासून कुडा १२.८ च्या बिल्डमध्ये पास्कल नाही, १२.६ चा बिल्ड मुद्दाम मागून घ्यावा लागतो. नुसतं पिप इन्स्टॉल (पायथनची इन्स्टॉल करायची कमांड) केलंत की नवं येतं, सगळं व्यवस्थित इन्स्टॉल होतं, कार्ड पण दिसतं, आणि पहिल्याच खऱ्या ऑपरेशनला "नो कर्नल इमेज इज अव्हेलेबल" म्हणून आपटतं. मी अशाच एका स्वस्त पास्कलवर तीन तास घालवलेत, तीनही तास मीटर चालू, आणि शेवटी कारण काय तर मशीनसोबत आलेली तयार इमेजच नव्या कुडाची होती. स्वस्तात घेतलेले तीन तास नुसते इन्स्टॉल-अनइन्स्टॉल करण्यात गेले, राग कोणावर काढणार.

तुम्हाला फक्त फास्टर-व्हिस्पर चालवायचं असेल तर पायटॉर्च लागतच नाही, ते सी-ट्रान्सलेट२ या वेगळ्या लायब्ररीवर चालतं, तेवढी डोकेदुखी कमी. पण उद्या वाटलं की याच मशीनवर भाषेचं मॉडेल पण चालवून मुलाखतींचा सारांश काढू, तर व्हीएलएलएम (भाषेची मॉडेल चालवायचा प्रोग्राम) कॉम्प्युट कॅपॅबिलिटी ७.० च्या खाली चालत नाही, फ्लॅश-अटेन्शन २ ला (मॉडेलचा वेग वाढवणारी लायब्ररी) अँपिअर, म्हणजे ट्युरिंगच्या पुढची पिढी लागते, बीफ्लोट१६ ला (१६ बिटांचाच दुसरा प्रकार) पण अँपिअर. जुन्यावर उरतं ते लामा.सीपीपी (तसल्याच कामाचा हलका प्रोग्राम), ते मात्र बिचारं कुठेही चालतं.

मशीन मिळाल्याबरोबर एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) मारून ड्रायव्हर बघा आणि मेमरी पूर्ण दिसतेय का तेही बघा, काही ठिकाणी एकच कार्ड तुकडे करून देतात.

फुल_स्पीड
एवढा काथ्याकूट कशाला, ४०९० (नवं गेमिंग कार्ड) घ्या भाड्याने, लोक आपापल्या घरच्या मशीन लावतात भाड्याला, २४ जीबी मिळते, तासाभरात-दोन तासांत विषय संपेल, आणि दर टी४ च्या आसपासच असतो कधीकधी

टर्मिनलवाली
@फुल_स्पीड वेगाबद्दल वाद नाही. पण त्या मुलाखती आहेत. अनोळखी माणसाच्या घरातल्या मशीनवर दुसऱ्यांचे आवाज नेऊन ठेवायचे? डिस्क त्याची, मशीन त्याचं, रूट (मशीनचे पूर्ण अधिकार) त्याच्याकडे. तुमचा कंटेनर (त्या मशीनवरचा तुमचा कप्पा) तो उघडणार नाही हे कशावरून. स्वतःचे व्हिडिओ रेंडर करायचे असते तर मीच म्हटलं असतं घ्या.

फुल_स्पीड
हम्म हे डोक्यात नव्हतं आलं. बरोबर आहे. मग डेटासेंटरमधलंच घ्या.

हिशेबनीस
मी कार्डाबद्दल फार बोलत नाही, बिलाबद्दल बोलतो कारण माझा हात तिथे पोळलाय.

तासाचा दर हा आकडा एकटा काही सांगत नाही, एका तासाच्या ऑडिओला किती पडतात ते काढा. तुमचाच दहा मिनिटांचा तुकडा घ्या, ज्यात दोन माणसं एकमेकांना तोडत बोलतायत असा घ्या, स्वच्छ आवाजाचा नको, आणि दोन्ही कार्डांवर चालवून बघा. त्याला अर्धा तास पण लागणार नाही. मग वेळ गुणिले दर. पी५००० चा दर १ धरा, टी४ चा दीड. टी४ दीडपटीहून जास्त फास्ट निघालं तर तेच स्वस्त, नाहीतर पी५०००. ग्राफ आणि बेंचमार्क वाचत बसायची गरजच नाही.

आता मीटर. मशीन चालू झाल्या क्षणापासून मीटर पडतं, कार्ड रिकामं बसलं तरी. म्हणून ऑडिओची तयारी लॅपटॉपवरच करून घ्या. व्हिस्पर आतमध्ये सगळं १६ किलोहर्ट्झ मोनोच करतं, मग तुम्हीच एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ बदलायचा प्रोग्राम) लावून आधी करा, तासाला साधारण ११५ एमबी होतं, म्हणजे तुमचे ६० तास ७ जीबीच्या आत बसतात, स्टिरिओ ४८ किलोहर्ट्झ वर चढवत बसलात तर सहापट. आणि चढवताना महागडं मशीन चालू ठेवू नका, आधी स्टोरेजवर टाकून ठेवा, नाहीतर साधं कार्ड नसलेलं मशीन लावून त्याच डिस्कवर टाका.

स्पॉट मशीन (क्लाउडवाल्याकडे रिकामं पडलेलं) बरंच स्वस्त मिळतं पण ते कधीही काढून घेतात, थोडीशी सूचना देऊन. तुमच्या कामाला ते चालण्यासारखं आहे कारण प्रत्येक फाइल वेगळी, एक झाली की लगेच तिचं टेक्स्ट बाहेर कॉपी करा, परत चालू झालं की जिचं टेक्स्ट आहे ती फाइल सोडून पुढे. सगळं एकदम शेवटी सेव्ह करणारी स्क्रिप्ट मात्र लिहू नका, मी लिहिली होती.

आणि शेवटचं, स्टॉप आणि डिलीट यात फरक आहे!! मशीन स्टॉप केलं की कार्डाचे पैसे थांबतात, डिस्कचे थांबत नाहीत, आणि स्थिर आयपी घेतला असेल तर त्याचेही. मी एक डिस्क पाच महिने पोसली.

जाळी_मॉडेल
थोडं अवांतर, पण यादीतली ही क्वाड्रो कार्डं ब्लेंडरसाठी कोणी वापरतं का? आर्किटेक्चरचे साधे सीन आहेत.

जुना_गडी
@जाळी_मॉडेल सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर करणारं इंजिन) चालतं. पण पास्कलला आरटी कोअर (प्रकाशकिरणांचं गणित करणारे भाग) नाहीत, त्यामुळे नावापुढे आरटीएक्स असलेलं कुठलंही, अगदी क्वाड्रो आरटीएक्स ४००० सुद्धा, रेंडरला बरंच पुढे जाईल. फक्त त्यात ८ जीबीच आहे, तुमचे टेक्स्चर बसतात का बघा. वेगळा प्रश्न टाका ना, इथे मुलाखती राहून जातील.

रात्रपाळी_९
सगळ्यांचे आभार, दोन रात्री जागून काम झालं, सांगायला आलोय.

हिशेबनीसांनी सांगितलं तसं केलं. मुद्दाम घाणेरडा तुकडा घेतला, मागे पंखा, दोघं एकदम बोलतायत. फास्टर-व्हिस्पर, लार्ज-व्ही३. पी५००० वर इंट८ ने दोन मिनिटं लागली (फ्लोट१६ पण देऊन बघितलं, जुना_गडी म्हणाले तस्संच थांबलं, शब्द न् शब्द). टी४ वर फ्लोट१६ ने एक मिनिट दहा सेकंद. म्हणजे ६० तासांना पी५००० वर १२ तास गुणिले १, टी४ वर ७ तास गुणिले दीड म्हणजे साडेदहा. फरक बघून हसूच आलं, एवढ्यासाठी मी तीन दिवस यादी चाळत बसलो होतो. टी४ घेतलं, मुख्य कारण टर्मिनलवालींची पोस्ट, उद्या दुसरं काही चालवावंसं वाटलं तर नव्या सॉफ्टवेअरशी भांडायला नको.

एक मात्र झालं, सलग चालवल्यावर टी४ हळूहळू मंदावलं, सात ऐवजी आठ तास लागले.

जुना_गडी
७० वॅटचं कार्ड आहे हो ते, आणि स्वतःचा पंखा नाही, सर्व्हरची हवा मिळेल त्यावर जगतं. सलग लोडला क्लॉक (चिपचा वेग) खाली येतोच. एनव्हिडिया-एसएमआयमध्ये दिसलं असतं. व्हिस्परचं टर्बो मॉडेल नाही का लावून बघितलं? त्यात डिकोडरचे (टेक्स्ट लिहिणारा भाग) ३२ ऐवजी ४ च लेअर आहेत, बरंच लवकर झालं असतं.

रात्रपाळी_९
लावलं होतं एका तुकड्यावर, वेग भारी, पण जिथे दोघं एकदम बोलतात तिथे शब्द गाळत होतं माझ्या रेकॉर्डिंगवर, म्हणून लार्जच ठेवलं. अजून एक, जिथे बराच वेळ शांतता आहे तिथे लार्जने स्वतःच्या मनाने एकच वाक्य सात-आठ वेळा लिहून ठेवलं होतं, न बोललेलं! व्हीएडी फिल्टर (बोलणं नसलेला भाग वगळणारा) चालू केल्यावर ते गेलं. आणि भाषा त्याला ओळखायला लावू नका, स्वतः सांगा, दोन फाइल भलत्याच भाषेत गेल्या होत्या त्या परत कराव्या लागल्या.

हिशेबनीस
छान झालं. डिस्क डिलीट केलीत ना?

रात्रपाळी_९
मशीन बंद केलंय कालच

हिशेबनीस
मशीन नाही विचारलं.

रात्रपाळी_९
थांबा बघतो

रात्रपाळी_९
दोन होत्या. पी५००० च्या टेस्टची पण तशीच पडली होती. काढल्या.