जाफन्यातल्या सामान्य माणसाला शांतिसेना परवडली का?

प्रश्न : वाटाड्या

माझे थोरले मामा १९८७ च्या ऑगस्टमध्ये भारतीय शांतिसेनेच्या सुरुवातीच्या तुकड्यांबरोबर श्रीलंकेत उतरले होते. तिथल्या दिवसांविषयी ते फारसे बोलत नसत. एकच गोष्ट त्यांनी मला दोन-तीनदा सांगितली. पहिल्या आठवड्यात उत्तर श्रीलंकेतल्या तमिळबहुल जाफन्याच्या रस्त्यांवर लोकांनी त्यांना हार घातले, शहाळी फोडून दिली; आणि दिवाळीनंतर त्याच गल्ल्यांतून जाताना खिडक्या लागल्याचे आवाज त्यांच्या पुढे पुढे धावत असत. मामा गेल्या वर्षी वारले. त्यांचे सामान आवरताना हा प्रश्न पुन्हा मनात आला.

या मोहिमेविषयी मराठीत जे वाचायला मिळते, ते बहुतेक तीन ठिकाणांहून लिहिलेले असते : दिल्लीच्या परराष्ट्र धोरणाच्या बाजूने, जवानांच्या बलिदानाच्या बाजूने, किंवा राजीव गांधींची हत्या झाली त्या २१ मे १९९१ च्या श्रीपेरुंबुदूरहून मागे वळून पाहत. ज्यांच्या अंगणात ही फौज जवळजवळ बत्तीस महिने राहिली, त्यांचा हिशेब मला कुठे सापडलेला नाही. आपले सुमारे बाराशे सैनिक तिथे कामी आले, ही आपली किंमत झाली. तिथल्या लोकांनी जी किंमत मोजली, तिच्या बदल्यात जे मिळाले ते त्यांना पुरेसे वाटते का, एवढेच मला विचारायचे आहे. भारताने जायला हवे होते की नव्हते, हा वाद इथे कृपया नको. तो पुष्कळ झाला आहे.

प्रतिसाद १ : विटामाती

श्रीलंका सरकार आणि 'टायगर्स' (एलटीटीई) ही सशस्त्र तमिळ संघटना यांच्यातले युद्ध संपल्यानंतर उत्तर आणि पूर्व श्रीलंकेत भारताच्या मदतीने घरे बांधून देण्याची योजना सुरू झाली. त्या कामाच्या निमित्ताने मी २०१३ च्या सुमारास दीड वर्ष जाफना जिल्ह्यात राहिलो. माझ्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. मी भारतीय आहे म्हणून पहिले दोन महिने त्यांनी हा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. नंतर संध्याकाळच्या चहाला तो हळूहळू निघत गेला. पुढे जे लिहितो आहे त्यातला बराचसा भाग त्यांच्याकडून आणि कामावरच्या वयस्क मंडळींकडून ऐकलेला आहे.

त्यांच्या आठवणीत ही गोष्ट ऑगस्टमध्ये सुरू होत नाही, मे महिन्यात सुरू होते. १९८७ च्या मेअखेर श्रीलंकेच्या लष्कराने जाफना द्वीपकल्पातल्या वडमराच्ची भागात टायगर्सविरुद्ध मोठी मोहीम उघडली होती, आणि आता पाळी जाफना शहराची, अशी सर्वांची खात्री झाली होती. ४ जूनला भारतीय हवाई दलाने सुमारे पंचवीस टन शिधा विमानांतून खाली टाकला. एवढ्यात साऱ्या द्वीपकल्पाचे एक वेळचे जेवणही भागले नसते, हे बाईंनी स्वतःच हसत हसत सांगितले. पण ही विमाने कोणीही अडवू शकत नाही, हे त्या दिवशी सर्वांनी छपरावर चढून पाहिले. २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी शांतता करार केला, आणि त्यानंतर सैन्य आले तेव्हा जे हार घातले गेले, त्यांमागे ते छपरावरचे दृश्य होते. तुमच्या मामांनी जे पाहिले ते खरेच होते.

सप्टेंबरात तिलीपन नावाच्या टायगर्सच्या तरुण कार्यकर्त्याने नल्लूरच्या मंदिराजवळ भारताकडे मागण्या करीत पाणीसुद्धा न घेता उपोषण केले, आणि बाराव्या दिवशी, २६ सप्टेंबरला, तो गेला. ज्यांना टायगर्सचे राजकारण पटत नव्हते तेही तिथे रांगेत उभे राहिले होते. गांधींच्या देशाने उपोषणाकडे पाहिले नाही, हे वाक्य मी तिथे निदान चार वेगवेगळ्या तोंडांतून ऐकले. ऑक्टोबरात शांतिसेना आणि टायगर्स यांच्यात लढाईला तोंड फुटले. २१ ऑक्टोबर १९८७ हा दिवाळीचा दिवस. त्या दिवशी सैनिक जाफन्याच्या रुग्णालयात शिरले, आणि त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी सकाळी मिळून साठ-सत्तर माणसे मारली गेली : रुग्ण, डॉक्टर, परिचारिका, कामगार. आतून टायगर्सनी गोळीबार केला म्हणून चकमक झाली, अशी भारतीय बाजूची भूमिका होती. वाचलेल्या कर्मचाऱ्यांची साक्ष वेगळी आहे. हात वर करून बाहेर आलेल्या डॉक्टरांवरही गोळ्या झाडल्या गेल्या, असे ते सांगतात. रुग्णालयात अजूनही दरवर्षी त्या दिवशी मृतांची आठवण केली जाते. आपल्याकडे दिवाळी म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते, ते जाफन्यातल्या एका पिढीच्या डोळ्यांसमोर येत नाही, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

त्यानंतरच्या दिवसांतली एक गोष्ट सर्वजण सांगतात. गावाला वेढा घालून पुरुषांना शाळेच्या मैदानात बसवायचे, आणि तोंडावर बुरखा घेतलेला एक माणूस समोरून जाणाऱ्या रांगेतल्या कोणाकडे पाहून मान हलवायचा. त्याला तमिळमध्ये 'तलैयाट्टी' म्हणजे मान डोलावणारा म्हणतात. ज्याच्याकडे पाहून मान हलली, त्याला उचलून नेत. बुरख्याआड शेजारचाच कोणी असे, आणि जुनी भांडणेही त्यातून मिटवली जात. फौज गेल्यावरही ते संशय राहिले.

आता तुमचा प्रश्न. मी बाईंना एकदा धीर करून विचारले, की भारतीय सैन्य आले नसते तर बरे झाले असते का? त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "आले नसते तर, आणि असे आले नसते तर, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही कोणता विचारता?" माझ्या मते तिथल्या पुष्कळ लोकांच्या मनातली गाठ हीच आहे. फौज आली याचा त्यांना राग नाही. ती आपल्यासाठी येते आहे असे त्यांनी समजून घेतले आणि ती स्वतःच्या कामाला आली होती, याचा आहे. परक्याविषयी एवढे कडू बोलले जात नाही. आपल्यांतल्याने फसवले म्हणजे माणूस जसे बोलतो, तसे ते बोलतात.

प्रतिसाद २ : निवृत्त सुभेदार

वरील प्रतिसाद सभ्यपणे लिहिलेला आहे, म्हणून मीही तसेच लिहितो. मी तिथे अकरा महिने होतो. शस्त्रे जमा करून घ्यायची आणि दोन्ही बाजूंमध्ये उभे राहायचे, एवढेच आम्हाला सांगितले होते. ज्यांची शस्त्रे घ्यायची त्यांच्याशीच लढायचे आहे, हे ऑक्टोबरात कळले. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकच जिवंत राहिला, तोही कैदी म्हणून. मुंबईत जन्मलेले ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला छातीत गोळी लागलेली असताना शत्रूच्या हातची रायफल हिसकावून लढले आणि तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ही माणसे लोकांना मारायला गेली नव्हती. गोळी घरातून येई, आणि आत शिरावे तर म्हातारी आणि मुले बसलेली असत. टायगर्सनी लोकांच्या आडून लढाई केली, याचा उल्लेख वर फार पुसट आहे.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. रस्त्यावर सुरुंग फुटला, की जवळच्या गावाची झडती होई, आणि ज्यांचा सोबती नुकताच गेला आहे त्यांचे हात त्या झडतीत हलके नसत. आम्हाला तमिळ येत नव्हते. दुभाषे अपुरे होते. ऑगस्टमध्ये ज्या घराच्या विहिरीवर आम्ही पाणी प्यायलो होतो, तिथे नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेलो तेव्हा त्या बाईने आम्हाला पाहून पोहरा दोरासकट विहिरीत सोडून दिला आणि आत निघून गेली. ती काही बोलली नाही. तिच्या दृष्टीने हिशेब झाला होता, असे मला आज वाटते. तिच्या घरात त्या तीन महिन्यांत काय घडले, हे मी विचारले नाही, आणि विचारायला भाषाही नव्हती.

प्रतिसाद ३ : तळटीप

जमाखर्च मांडायचा तर जमेची बाजूही लिहायला हवी. करारामुळेच श्रीलंकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली, तमिळला अधिकृत भाषेचे स्थान मिळाले आणि प्रांतिक परिषदा आल्या. उत्तर आणि पूर्व प्रांत एकत्रही झाले होते; ते २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वेगळे झाले. उत्तर प्रांताला स्वतःची निवडून आलेली परिषद मिळायला २०१३ उजाडले, आणि तिची मुदत २०१८ मध्ये संपल्यावर कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही. तरीही तमिळ पक्ष आजवर ज्या कागदाचा आधार घेऊन भांडतात, तो कागद तेव्हाचाच आहे. त्यासाठी एवढे मोजावे लागायला हवे होते का, हा प्रश्न राहतोच.

बांगलादेशाशी तुलना नेहमी केली जाते, म्हणून थोडक्यात. तिथे आपले सैन्य मुक्तिवाहिनी या बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या दलाच्या बरोबरीने लढले, १६ डिसेंबर १९७१ ला विजय झाला आणि मार्च १९७२ मध्ये ते परतले. लोकांना जे हवे होते तेच घडले आणि पाहुणा वेळेवर उठला. जाफन्यात ज्यांच्याशी लढायचे होते, त्यांना गावातले लोक 'पोरं' म्हणत. दर दोन घरांआड कोणाचा तरी मुलगा किंवा भाचा त्यांत होता. ती पोरं आवडोत वा न आवडोत, ती घरची होती.

प्रतिसाद ४ : मरीना

मी चेन्नईत राहते. 'नागरिक' म्हणताना या चर्चेत फक्त जाफन्याचे तमिळ लोक धरले गेले आहेत, ही मला अडचण वाटते. दक्षिणेतल्या सिंहली लोकांना हा करार म्हणजे देश गहाण टाकणे वाटला होता. करारानंतर दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदनेच्या वेळी एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, ते चित्र सर्वांना आठवते. पण त्यानंतर दोन वर्षे जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या सिंहली संघटनेने करारविरोधाच्या नावाने जे बंड केले आणि सरकारने ते ज्या पद्धतीने चिरडले, त्यात गेलेली हजारो सिंहली मुले आपल्या हिशेबात कधी येत नाहीत. भारतीय मालावर बहिष्काराचे फर्मान निघाले होते, आणि ते न पाळणाऱ्या दुकानदारांना जिवाची भीती होती. मोठ्या कांद्याला तिकडे 'बॉम्बे ओनियन' म्हणतात. नाशिककडच्या वाचकांना हे गमतीचे वाटेल. तेव्हाच्या दक्षिण श्रीलंकेतल्या मातऱ्याच्या किराणावाल्याला वाटले नसेल.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. सैन्य परत जाण्याची वेळ जवळ आली, तेव्हा भारताच्या पाठबळावर उभ्या असलेल्या तमिळ गटांनी आपली 'तमिळ राष्ट्रीय सेना' उभारण्यासाठी शाळकरी वयाची मुले रस्त्यांवरून आणि बसमधून उचलली. शेवटची भारतीय तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली. मागे राहिलेल्या या मुलांना टायगर्सनी सोडले नाही. भारताच्या भरवशावर उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री झालेले वरदराज पेरुमाळ भारतात निघून आले. मुलांना निघून यायला जागा नव्हती. जाफन्याजवळच्या वल्वेट्टित्तुरैमध्ये ऑगस्ट १९८९ मध्ये पन्नासहून अधिक गावकरी मारले गेले ते शांतिसेनेच्या हातून. पण तमिळ राष्ट्रीय सेनेत ओढलेल्या या मुलांचा मृत्यू कोणाच्या नावावर लिहायचा, हे मला आजही ठरवता येत नाही.

जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रजनी तिराणगम यांनी टायगर्स, शांतिसेना आणि श्रीलंका सरकार या तिघांच्याही अत्याचारांची नोंद नावनिशीवार ठेवायला घेतली होती. २१ सप्टेंबर १९८९ रोजी सायकलवरून घरी येताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सामान्य लोकांचा हिशेब आपल्याला कुठे सापडत नाही, असे मूळ प्रश्नात म्हटले आहे. तो ठेवणाऱ्या माणसांचे काय झाले, हे त्याचे एक कारण आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : वाटाड्या

सर्वांचे आभार. सुभेदारसाहेब, तुमच्या विहिरीच्या गोष्टीने मला मामांच्या खिडक्या आठवल्या. विटामाती यांना एकच विचारायचे आहे. तुमच्या घरमालकीणबाईंनी दोन प्रश्न वेगळे केले, पण उत्तर दिले का?

प्रतिसाद ५ : विटामाती

पहिल्या प्रश्नाचे दिले नाही. दुसऱ्याचे थेट दिले नाही, पण नंतर एकदा त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. मार्च १९९० मध्ये सैन्य गेले तेव्हा त्यांच्या गल्लीत फटाके वाजले, आणि त्याही बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. जूनमध्ये टायगर्स आणि श्रीलंका सरकार यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. त्या लाटेत एक लाखाहून अधिक लोक समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले, त्यांत बाईंचा भाऊ आणि त्याची तीन मुले होती. रात्रीच्या नावेने ते रामेश्वरमच्या किनाऱ्यावर उतरले आणि पुढे मंडपमच्या छावणीत राहिले. ज्या भारतीय गणवेशाला पाहून ती मुले वर्षभर पलंगाखाली लपत होती, तशाच गणवेशातले लोक किनाऱ्यावर नावे लिहून घ्यायला बसले होते. धाकटा पुढे सरकेना, म्हणून भावाने त्याला उचलून नेले.

हे सांगून बाईंनी चहाचे पेले उचलले. भाऊ परत आला का, असे मी विचारले. मोठी दोन मुले परत आली, म्हणाल्या; धाकटा चेन्नईतच आहे, त्याचे तिकडेच लग्न झाले.