वाघ-बिबट्याचे जंगलातले फोटो : गोव्यातल्या मंडळींनो, अनुभव सांगा

फोंडा
मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्याकडची बरीच मंडळी ताडोबा, कर्नाटकातलं कबिनी, गीर गाठतात. परतल्यावर फोटो दाखवतात, पण तो कसा मिळाला हे सविस्तर कुणी सांगत नाही. तेच लिहा. उजेड कसा होता, लेन्स कुठली, गाईडने काय सांगितलं, जनावर कसं वागलं. फोटो मिळाला नसला तरी लिहा.

साखळी
मी मेमध्येच ताडोबाला गेलो, मोहर्लीच्या गेटने. चंद्रपूरचं ऊन ऐकून लोक घाबरतात, पण फोटोसाठी हाच काळ उत्तम. पानगळ झालेली, झाडोरा विरळ, पाणी मोजक्याच ठिकाणी. आमच्या गाईडने या रस्त्यावरून त्या रस्त्यावर पळापळ केली नाही. एका पाणवठ्याजवळ जिप्सी सावलीत लावायला सांगितली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "दादा, त्या झाडावरच्या वानराकडे बघत राहा. त्याला आपल्या आधी दिसतं."

बराच वेळ काहीच नाही. मग वानर खेकसलं, त्यामागून चितळ. गाईड जागचा हलला नाही. थोड्या वेळाने सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याचं ओरडणं, आला तेव्हा मात्र तो ताठ बसला. सांबर उगाच ओरडत नाही, असं त्याचं म्हणणं. वाघीण बांबूतून सरळ पाण्याकडे आली, वळली, आणि पाठमोरी सरकत मागचे पाय आधी पाण्यात टाकून बसली. वाघ बऱ्याचदा असाच पाण्यात बसतो, हे तिथे डोळ्यांनी पाहिलं.

१००-४०० मिमीची झूम लेन्स होती, शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० च्या खाली येऊ दिला नाही, कारण जिप्सीत कुणी नुसतं कूस बदललं तरी गाडी हलते. शेजारच्या गाडीतून "अजून पुढे घ्या" असा धोशा चालू होता. आमचा ड्रायव्हर जागेवरून हलला नाही, म्हणूनच ती निवांत बसली, असं माझं ठाम मत आहे. माझ्या फोटोत वाघीण लहान दिसते. पण पाणी, पाण्यातली तिची सावली, मागचा वाळलेला बांबू, सगळं आहे. नुसता चेहरा भरून आला असता तर ते ताडोबा आहे हे कळलंही नसतं.

पेडणे
सामानाबद्दल लिहिते. लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामी न्यावी आणि तिकडे पोचल्यावर तांदूळ भरावेत, वजन वाचतं. विदर्भातली धूळ बारीक असते, जिप्सीत लेन्स बदलू नये. कॅमेऱ्यावर सुती पंचा टाकून ठेवावा. आणि घरी आल्यावर खरी काळजी. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल तरी हवंच.

मडगाव
कबिनीला बिबट्या झाडावर दिसला. मागे पांढरं आभाळ असलं की कॅमेरा त्या उजेडावर जातो आणि बिबट्या नुसता काळा येतो. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवलं, म्हणजे फोटो तेवढा उजळ केला, तेव्हा ठिपके दिसले. आभाळ फाटलं, म्हणजे नुसतं पांढरं आलं, तर येऊ दे.

डिचोली
मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य जंगलात, मोबाईल नेऊ देत नाहीत, मंगळवारी सफारी बंद असते. मोबाईल नसल्यामुळे माझी मुलगी पूर्ण वेळ बाहेर बघत होती. वाघ दिसला नाही, पण रानकुत्र्यांची टोळी आमच्यात पहिल्यांदा तिलाच दिसली.

वाळपई
सगळ्यांचे अनुभव आवडले. पण वाघ बघायला गोव्याबाहेरच जावं लागतं असा समज होऊ नये. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये झालं, २०८ चौरस किलोमीटरचं. तिथे वाघ आहे, कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे रानात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, येतो. आमच्या सत्तरी तालुक्यात वाघेरी नावाचा डोंगर आहे, आणि गोव्यातल्या कितीतरी गावांत वाघ्रो देव म्हणून पुजतात. त्याच सत्तरीत, जानेवारी २०२० मध्ये, गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. त्यांचे मेलेल्या अवस्थेतले फोटो सगळ्यांनी पाहिले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने इथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला.

माझ्या घरी गुरं आहेत. गाय मारली गेली की घराचं दूध जातं, पैसा जातो. भरपाई वेळेत हातात पडली तर माणूस वाघाला वैरी मानत नाही. तुम्ही ताडोबाला पैसे भरून जाता, त्यातून तिथल्या गावातली पोरं गाईड होतात, ड्रायव्हर होतात. तसं काही आमच्या पोरांना मिळालं तर मी सगळ्यांत आधी गेटवर उभा राहीन.

आणि एक कळकळीची विनंती. आमच्या रानात पावलाचा ठसा जरी दिसला तरी फोटोसोबत जागा सांगू नका. वनखात्याला कळवा, पुरे.

काणकोण
काका, अगदी मनातलं बोललात. आमच्या खोतिगाव अभयारण्यात टेहळणीच्या मचाणावर पहाटे बसतो. बिबटा क्वचितच दिसतो. सदाहरित रानात उजेडच कमी, कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ६४०० ला नेली तरी दाणेदार फोटो येतो. तरी मला तो ताडोबाच्या चकचकीत फोटोपेक्षा जवळचा वाटतो.

फोंडा
वाळपईच्या काकांची जागा न सांगण्याची सूचना सगळ्यांनी पाळावी, ही माझीही विनंती. गीरला गेलेल्यांनी अजून काही लिहिलेलं नाही. १६ जून ते १५ ऑक्टोबर ते बंद असतं, तेव्हा हिवाळ्यातला उजेड कसा मिळतो आणि सिंह गाड्यांना कितपत सरावलेले असतात, ते कुणीतरी सांगा.