महासंकटासाठी धान्य भरून ठेवायचं का?

जय ख्रिस्त. मी जालन्याची. मागल्या रविवारी पाहुणे उपदेशक आले होते. म्हणाले, प्रभू परत येण्याआधीचं सात वर्षांचं महासंकट दारात आलंय, साठा करा. आईनं लगेच दोन कोठ्या ज्वारी भरली, कडुनिंबाचा पाला घालून. धाकटी मात्र रात्री दचकून उठते, "आपल्याला इथंच ठेवून प्रभू जाईल का?" विचारते. तिला काय सांगू?

— ताई, मत्तय २४:३६ तिच्याबरोबर वाचा. प्रभूच्या येण्याचा दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरला होता, तोही आला नि गेला.

— संकटाआधीच प्रभूकडे वर घेतले जाऊ असं काही मंडळ्या मानतात, काही म्हणतात संकटातून जावं लागेल. मी दुसऱ्या मताचा. म्हणून तर लेकराला भीती नको, प्रार्थनेची सवय लावा.

— साठ्याला माझी ना नाही. पण ७२ च्या दुष्काळात आमच्या आजीनं मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी मोडून अर्धी शेजारी दिली होती. तयारी म्हटलं की मला तीच आठवते.

— वाचून दाखवलं सगळं. आई गप्प बसली, मग उठून पायलीभर ज्वारी शेजारच्या मावशींकडे धाडली. धाकटीच घेऊन गेली.