गोविंदांचे टी-शर्ट आणि फ्रेमवर न टिकणारं इमल्शन: सल्ला हवा

पोटमाळा_प्रिंट:
परळला चाळीतल्या पोटमाळ्यावर स्क्रीन प्रिंटिंग करतो. दहीहंडीच्या एका पथकाचे ११० टी-शर्ट अंगावर घेतलेत आणि तीन दिवसांत एक फ्रेम धड निघालेली नाही. डायझो इमल्शन (जाळीवर लावायचा लेप: प्रकाश लागेल तिथे कडक होतो, डिझाइनच्या काळ्याखालचा धुतला की निघून जाळी उघडते), १२० नंबरची पांढरी जाळी, घरी ठोकलेला खोका, त्यात यूव्हीच्या २० वॉटच्या ४ ट्यूब. मार्चपासून ४ मिनिटं प्रकाश देत होतो, झकास यायचं. आता धुवायला घेतलं की आतल्या बाजूने शेंबडासारखं सुटतं आणि लोगोखालची बारीक ओळ वाहून जाते. ८ मिनिटं दिली तर 'गोविंदा'वरचा अनुस्वार उघडतच नाही, 'गोविदा पथक' छापलं जातंय! आणि आतून बुळबुळीत ते बुळबुळीतच. ट्यूब बदलू की इमल्शन? कुठलं घेऊ?

लालबागचा_एक:
१० मिनिटं दे रे. पावसाळ्यात वाढवावंच लागतं.

वडाळ्याची_ताई:
वरचं ऐकू नकोस, अनुस्वाराबरोबर वेलांट्याही जातील.

मार्चमध्ये येत होतं ना? मग ट्यूबही ठीक आणि इमल्शनही ठीक. उगाच पैसे घालवू नकोस. तुझं कोटिंग वाळत नाहीये. हाताला कोरडं लागलं तरी आत पाणी असतं, आणि पाणी असेपर्यंत इमल्शन नीट कडक होत नाही. काचेकडचा थर धरतो, स्क्वीजीकडचा (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या, म्हणजे आतल्या बाजूचा) कच्चा राहतो, तोच तुझा शेंबूड. वेळ वाढवलीस की पांढऱ्या धाग्यांवरून प्रकाश आडवा फाकतो, पॉझिटिव्हच्या (फ्रेमला लावतोस त्या डिझाइनच्या प्रतीच्या) काळ्याखाली शिरतो आणि बारीक ठिपके बुजवतो. म्हणून एकाच फ्रेमवर कच्चं आणि जास्त, दोन्ही दिसतंय.

पंख्याने काही होत नाही, तो तीच ओली हवा फिरवतो. माझ्या गाळ्यात जुलैत हवेतल्या ओलाव्याचा मीटर ८८ टक्के दाखवत होता, ५० च्या खाली हवं. मी एक जुनं लोखंडी कपाट ठेवलंय. त्यात फ्रेम आडवी, छापायची बाजू खाली, तळाशी छोटा फॅन-हीटर मंद, वरून वाफ जायला दार बोटभर उघडं. खोलीत फक्त पिवळा दिवा. ४० अंशांच्या वर नेऊ नकोस. आणि हीटर चालू ठेवून घरी झोपायला जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

वाळलं कसं ओळखायचं? स्वयंपाकघरातला वजनकाटा घे. अर्ध्या अर्ध्या तासाने फ्रेम ठेव. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. (लाकडी फ्रेम स्वतःही पाणी पिते, ॲल्युमिनियमची असेल तर हिशेब सरळ.)

मगच वेळेची पट्टी काढ: पॉझिटिव्हवर पुठ्ठा धरून दर मिनिटाला दोन इंच सरकव, म्हणजे एकाच फ्रेमवर २ ते ७ मिनिटं मिळतील. धुतल्यावर ज्या पट्टीपासून आतली बाजू बुळबुळीत लागत नाही आणि रंग बदलायचा थांबतो, ती तुझी वेळ. बाय द वे, पॉझिटिव्ह कशावर काढतोस?

पोटमाळा_प्रिंट:
ट्रेसिंगवर, लेझर प्रिंट.

वडाळ्याची_ताई:
उजेडासमोर धरून बघ, काळ्यातून ट्यूब दिसली तर गेलं काम. दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटव. शाईची बाजू इमल्शनला टेकलेली हवी आणि वरून फोम ठेवून वजन.

जुना_गाळेवाला:
ताईंचं बरोबर. पुढच्या वेळी पिवळी जाळी ताणून घे, प्रकाश फाकत नाही, वेळ मात्र जास्त लागते. आणि कोणी डायझोऐवजी स्वस्तात बायक्रोमेट (लेप प्रकाशाने कडक व्हावा म्हणून घालायचं जुनं रसायन) सुचवलं तर त्या वाटेला जाऊ नकोस. दमट उकाड्यात ते कोट करून ठेवलेलं अंधारातही कडक होतं, मग काहीच उघडत नाही. शिवाय विषारी. माझ्या बोटांच्या बेचक्यात त्याचे व्रण अजून आहेत.

पोटमाळा_प्रिंट:
ताई, कपाट नव्हतं, शेजारच्या काकूंच्या रिकाम्या कोठीत केलं. हाताला कोरडं लागल्यावरही वजन अजून साडेतीन तास उतरत होतं!! एकूण २३ ग्रॅम. पट्टीत ५ मिनिटांना आतून कोरडं आलं. ट्रेसिंगच्या दोन प्रती लावल्या, अनुस्वार उघडला. ४० टी-शर्ट छापून दोरीवर आहेत. वजनकाटा आईने परत मागितलाय, सकाळी नवा घ्यायचा आहे.